तिच्या हातात काय दिलंस?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या गेमचा आराखडा सावकाश वाचला. नायिकेचं घराणं, गावावर आलेलं संकट, आईचा खून, तिने घेतलेली शपथ, सगळं मन लावून लिहिलं आहेस. भाषाही छान आहे. पण शेवटचं पान उलटल्यावरही एक गोष्ट मला कळली नाही. खेळणाऱ्याने कंट्रोलर हातात घेतला की या मुलीला नक्की काय करता येतं? 'ती कुणालाही घाबरत नाही' असं तू तीन ठिकाणी लिहिलं आहेस. ते खेळताना कुठे जाणवणार?

गेममध्ये माणूस तिच्या जागी तासन्‌तास असतो आणि त्यातला बहुतेक वेळ पळण्यात, लपण्यात, चढण्यात, लढण्यात जातो. तिचा स्वभाव तिथे दिसला पाहिजे. कटसीनमध्ये, म्हणजे आपण नुसतं बघत बसतो त्या प्रसंगात, ती कितीही करारी बोलली आणि हातात आल्यावर दुसऱ्या कुठल्याही नायकासारखीच वागली, तर आपण फक्त मॉडेल बदललं, एवढंच.

२०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' तू खेळली आहेस. त्यातला हिवाळ्याचा भाग पुन्हा खेळ, आणि या वेळी गोष्ट बाजूला ठेवून फक्त आपल्या हातांकडे लक्ष दे. तोवर बहुतेक सगळा खेळ आपण जोएल असतो. अंगापिंडाने दणकट माणूस, भंगारातून एकेक चाकू बनवतो आणि वापरला की तो मोडतो. मग अचानक बर्फात धनुष्य घेऊन हरणाच्या मागावर निघालेली चौदा वर्षांची एली आपल्या हातात येते. जोएलची ताकद तिच्यात नाही. ती दबकत मागून येते, माणसाच्या पाठीवर झेप घेते आणि चाकू चालवते. तिचा चाकू मात्र कधी मोडत नाही. एवढ्या एका बदलाने सगळं पालटतं: जोएलला चाकू जपून वापरावा लागतो, एलीला स्वतःला जपावं लागतं. पुढे जळत्या हॉटेलात तिच्या जिवावर उठलेला डेव्हिड तिला शोधत फिरतो, तेव्हा जमिनीवर बश्यांचे तुकडे पडलेले असतात आणि त्यांवर पाय पडला की त्याला चाहूल लागते. वाकून चालायचं, मागे जायचं, वार करायचा, पळायचं, पुन्हा लपायचं. तिची भीती आणि तिचं धाडस दोन्ही एकाच वेळी आपल्या बोटांत उतरतात. डेव्हिड थोराड आहे, ती लहान आहे, आणि डिझाइनने हे खोटं पाडायचा प्रयत्न केला नाही, म्हणूनच ती मला इतकी खरी वाटते.

दुसरं उदाहरण सेनुआचं. तिचा गेम २०१७ चा 'हेलब्लेड', केंब्रिजच्या निन्जा थिअरी या स्टुडिओतल्या जेमतेम वीस जणांच्या चमूने केलेला. सेनुआला सायकोसिस आहे, म्हणजे खरं काय आणि भास काय यातला फरक पुसणारा मानसिक आजार; तिला सतत आवाज ऐकू येतात. या मंडळींनी केंब्रिज विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांना सोबत घेतलं आणि ज्यांनी हा आजार स्वतः अनुभवला आहे अशा लोकांशीही बोलून काम केलं. आवाज असे रेकॉर्ड केले की हेडफोन लावल्यावर ते आपल्या डोक्याभोवती फिरतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. तेच आवाज तिला टोचून बोलतात, तुला जमणार नाही म्हणतात, आणि लढाईत मागून वार येताना तेच तिला सावधही करतात. पडद्यावर नकाशा नाही, ताकदीची पट्टी नाही, त्यामुळे त्या आवाजांवर विसंबण्यावाचून आपल्याला गत्यंतर नसतं. कोडीही तशीच आहेत. झाडाच्या फांद्यांत, तुटक्या लाकडांत, सावल्यांत अक्षरांचे आकार शोधायचे, कारण जिथे काही नाही तिथे संगती दिसणं हा त्या अनुभवाचाच भाग आहे. आजार तिच्या गोष्टीला चिकटवलेला नाही, तो खेळण्याच्या रीतीतच आहे. सेनुआ साकारणारी मेलिना युर्गेन्स तिथे व्हिडिओ एडिटर होती, चाचण्यांपुरती उभी राहिली आणि भूमिका तिचीच झाली. २०१८ मध्ये तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

'टूम रेडर'ची नायिका लारा क्रॉफ्ट हिच्याबद्दल तू फार चिडून लिहिलं आहेस. १९९६ च्या जाहिरातींनी तिच्या देहाचा बाजार मांडला, तुझा राग रास्त आहे. पण जुना खेळ एकदा खेळून बघ. तिथली जमीन चौकोनांत आखलेली असते. कड्याच्या टोकाशी यायचं, एक उडी मागे घ्यायची, धावायचं आणि अचूक क्षणी झेप. ती लारा मोजूनमापून, थंड डोक्याने काम करणारी बाई आहे, आणि हे खोक्यावरच्या चित्रातून कधीच कळत नाही. उलट २०१३ च्या नव्या खेळात पहिला माणूस मारल्यावर ती हादरते, कोसळते. तो प्रसंग फार चांगला लिहिलेला आहे. आणि थोड्याच वेळात आपण तिच्याकडून माणसांमागून माणसं मारून घेत असतो. लेखन एकीकडे चाललं आहे आणि खेळ दुसरीकडे. तुझ्या आराखड्यात मला हाच धोका दिसतो.

आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आहे, २०२० चा. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. म्हणून ती भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन वार करते. त्रिशूळ दुर्गेने दिला, पण अंगातली चपळाई तिच्या स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यातून आलेली आहे. तुझी नायिका विणकराची मुलगी आहे ना? चौथ्या पानानंतर माग कुठेच दिसत नाही. तिच्या बोटांना धागा कळतो, ताण कळतो, गाठ कळते. एवढी श्रीमंत गोष्ट हाताशी असताना तू तिला तलवार का दिलीस?

आणि तिला चुकू दे. 'द लास्ट ऑफ अस'च्या २०२० च्या दुसऱ्या भागात एली सूडाने आंधळी होते, आणि नोरा नावाच्या बाईकडून माहिती काढण्याच्या प्रसंगात तिच्यावर वार करण्याचं बटण गेम आपल्यालाच दाबायला लावतो. माझं बोट अडलं होतं. आदर्श मुलीसाठी कुणाचं बोट अडत नाही.

चमूत कुणीतरी तुला म्हणेल की बाईचं ॲनिमेशन वेगळं करावं लागतं, खर्च वाढतो. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'च्या वेळी त्यात बाई म्हणून का खेळता येत नाही, याला युबिसॉफ्ट कंपनीने हेच कारण दिलं आणि त्यावर सडकून टीका झाली. त्याच मालिकेतला २०१८ चा 'ओडिसी' जवळजवळ सगळा कसांड्रा या नायिकेच्या रूपात खेळता येतो. तेव्हा नमतं घेऊ नकोस, पण भांडण्यापेक्षा तिच्या हालचालींची यादी आधीच तयार ठेव.

पुढच्या वेळी पानं नकोत. करड्या ठोकळ्यांची एकच खोली बनव. नायिका म्हणून नुसता ठोकळा चालेल, चेहरा नको, नाव नको, एक शब्दही संवाद नको. आत अडकलेली ती आणि बाहेर पडायचा एक मार्ग, जो फक्त तिलाच सुचेल. तुझ्या दोघीतिघी मैत्रिणींना काहीही न सांगता खेळायला दे, शेजारी गप्प बसून बघ, आणि मग विचार की ही कोण असेल. त्या जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून मला पाठव. आईच्या खुनाबद्दल आपण त्यानंतर बोलू.

तुझी,
ताई