रिपोर्ट नॉर्मल, मग डोकं का दुखतंय?

"मॅडम, स्कॅनमध्ये काय बी नाही म्हणत्यात. मग मी काय नाटक करतो काय?"

सुमनअक्का निपाणीच्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ४५ च्या आसपास, लग्नाआधीपासून विड्या वळतात. दुपारी तीननंतर मानेच्या मागून कळ निघते, उजव्या कानामागून वर चढते आणि डोळ्याच्या वर येऊन ठाण मांडते. डोक्यात गाठ असेल या धास्तीनं घरच्यांनी कोल्हापूरला नेऊन स्कॅन करून आणलं. गाठ नव्हती. "टेन्शन कमी करा" म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं, आणि घरी त्याचा अर्थ निघाला की हिला वेड लागायच्या बेतात आहे. नवरा बाहेरच्या बाकावर बसून होता, आत यायला तयार नव्हता.

हा प्रश्न मला फार जण विचारतात. वडगाव-शहापूरचे विणकर, खानापूरकडच्या शिलाई करणाऱ्या बायका, बेळगावात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी पोरं. सगळ्यांची भीती एकच: दुखतंय तर खरं, पण दिसत का नाही?

कारण आखडलेला स्नायू स्कॅनमध्ये दिसत नाही. कवटी जिथं मानेवर टेकते तिथं लहान लहान स्नायू असतात. मानेतल्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-डोळ्याकडून येणारी नस मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी निरोप पोचवतात. तिथं गल्लत होते. दुखणं मानेचं असतं आणि कळतं ते कपाळात. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मान पुढं वाकली की मागच्या स्नायूंवर याच्या कितीतरी पट ताण येतो. यात मनाचे खेळ वगैरे काही नाही, दुखणं पूर्ण खरं आहे. हे मी नवऱ्याला आत बोलावून पुन्हा सांगितलं. आधी हे पटल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही, असं माझं मत आहे.

मग म्हटलं, "अक्का, कामाला कशा बसता ते दाखवा." त्या खाली भिंतीला टेकून बसल्या, सुपाऐवजी टेबलावरचं मासिक मांडीवर घेतलं. हनुवटी छातीला लागायला आली. नसलेलं विडीचं पान डोळ्यांच्या अगदी जवळ, कारण चाळिशीचा चष्मा नाहीच. बोट मोकळ्या हवेतच विडीचं तोंड दुमडत होतं. गप्पा चालू ठेवल्या आणि सहज मुकादमाचा विषय काढला. विड्या मोजून घेताना तो "बेगा बेगा" (लवकर लवकर) करत डाफरतो, वाईट म्हणून बऱ्याच बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत. हे सांगताना त्यांचे दोन्ही खांदे कानाच्या दिशेनं चढले. मी विचारलं, "आत्ता दात कुठं आहेत?" त्या थबकल्या. वरचे-खालचे दात घट्ट आवळलेले. "आईशप्पत, हे कवाधरनं करतो मी?"

दात, खांदे आणि मान यांचं साटंलोटं असतं. म्हणून पहिलं काम एवढंच ठरलं: विड्यांचा एक कट्टा बांधून झाला की ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे खाली. मोजायला घड्याळ नको, कट्टाच पुरे.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली गोळी चहाबरोबर जवळजवळ रोज जात होती. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर घेतली तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. हे लोकांना कुणी सांगतच नाही! कमी कशी करायची ते मी ठरवलं नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे परत धाडलं.

बाकी व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवले. ताठ बसून हनुवटी सरळ मागं ओढायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. कान खांद्याकडे झुकवून वीस-तीस सेकंद थांबायचं, झटका द्यायचा नाही. संध्याकाळी मानेला पंधरा मिनिटं गरम शेक. सूप मांडीवरून उचलून पाटावर ठेवलं. वाचायचा चष्मा आला, आणि मला वाटतं निम्मी मान त्यानंच सरळ झाली. माझ्याकडून त्या स्नायू सोडायची पद्धत शिकल्या: मुठी, खांदे, जबडा एकेक करून आवळायचा, श्वास सोडताना सैल करायचा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली, आणि ताणाच्या डोकेदुखीवर ती आजही वापरतात.

नवऱ्याचा वेगळाच बेत होता, गावातल्या माणसाकडून मान 'कडाकडा काढून' घ्यायचा. तो मी स्पष्ट मोडला. झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेणाऱ्यांनीही हे वाचावं.

मात्र प्रत्येक डोकेदुखी मानेची नसते. एकदम वीज पडल्यासारखी तीव्र कळ, तापासोबत ताठलेली मान, हातापायात कमजोरी, बोबडी वळणं, दिसण्यात फरक, डोक्याला मार लागल्यानंतरची दुखी, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली दुखी असेल तर समुपदेशक नको, थेट दवाखाना गाठा.

अक्कांचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. माल द्यायच्या दिवशी अजून चढतं. मुकादम तोच आहे आणि दरही तोच, तिथं माझे व्यायाम काय करणार? पण आता शेजारच्या तिघी-चौघींसोबत त्या माल द्यायला एकत्र जातात. बाजूला काढलेल्या विड्या सगळ्यांसमोर मोजायला लावतात.