माणसाचे उद्घाटन होते का?

प्रश्न : ‘इनॉग्युरेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपण ‘उद्घाटन’ असा करतो. मग अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे ‘इनॉग्युरेशन’ झाले, म्हणजे त्यांचे उद्घाटन झाले असे समजायचे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसे समजू नये, मराठीत त्याला पदग्रहण किंवा शपथविधी म्हणावे. ‘उद्घाटन’ म्हणजे मुळात उघडणे, त्यामुळे ते दुकानाचे, दवाखान्याचे, प्रदर्शनाचे होते. इंग्रजी शब्दात मात्र उघडण्याचा मागमूसही नाही. प्राचीन रोममध्ये ‘ऑगर’ नावाचे पुरोहित असत. ते वाकड्या टोकाची काठी हाती घेऊन आकाशाचा एक भाग मनाने आखून घेत आणि त्यातून कोणते पक्षी कोणत्या बाजूने जातात यावरून देवांचा कौल सांगत. असा कौल घेऊन एखाद्या पुरोहिताला पदावर किंवा एखाद्या जागेला पवित्र कार्यासाठी रुजू करणे, याला लॅटिनमध्ये ‘इनॉगुरारे’ म्हणत. रोम नगरी कोणी वसवावी यावरून दोन भावांत वाद झाला, तेव्हा रीमसला सहा आणि रोम्युलसला बारा गिधाडे दिसली, अशी दंतकथाही आहे. (गिधाड दिसणे शुभ, हे आपल्याकडे कोणाला पटणार नाही!) शुभ या अर्थाचा ‘ऑस्पिशस’ हा शब्दही ‘पक्षी पाहणे’ यावरूनच आलेला आहे.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण संस्कृतात ‘शकुन’ म्हणजेही पक्षी आणि शकुंत पक्ष्यांनी राखली म्हणून ती शकुंतला. दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार, असे म्हणणाऱ्या आजीला रोमन ऑगरांचे काम चटकन समजले असते.

तेव्हा माणसाला पदावर बसवणे हा अर्थ या शब्दात मुळापासूनच आहे. अमेरिकेत हा विधी पूर्वी बहुधा 4 मार्चला होई, तो 1937 पासून 20 जानेवारीला होतो. त्या दिवशीच्या ‘इनॉग्युरल अॅड्रेस’ला कोणी ‘उद्घाटनाचे भाषण’ म्हटले, तर ते कानाला खटकते. ‘पदग्रहणाचे भाषण’ म्हणावे.

इंग्रजीत हा एकच शब्द अनेक ठिकाणी चालतो. मराठीने मात्र प्रत्येक प्रसंगासाठी निराळा शब्द राखला आहे. पुतळ्याचे अनावरण, पुस्तकाचे प्रकाशन, मोहिमेचा शुभारंभ, पुलाचे लोकार्पण. हल्ली या सगळ्यांवर सरसकट ‘उद्घाटन’ लादले जाते आणि फलकावर ते ‘उदघाटन’ असे चुकीचे लिहिलेलेही असते. एखाद्या मासिकाच्या ‘इनॉग्युरल इश्यू’ला तर ‘उद्घाटनाचा अंक’ मुळीच म्हणू नये. त्यासाठी ‘पहिला अंक’ एवढे पुरते.