बाबांना घरीच राहायचंय, पण रात्री दुखायला लागलं तर?

प्रश्न : ताई, बाबा ७४ वर्षांचे आहेत, स्वादुपिंडाचा कॅन्सर, आता लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टर म्हणाले केमोचा उपयोग नाही, घरी न्या. आईबाबा वाईला, मी पुण्यात नोकरीला, आईचे गुडघे गेलेले. बाबा एकच म्हणतात, मला परत दवाखान्यात नेऊ नका. रात्री पोट आणि पाठ फार दुखते, जेवण जवळपास सुटलंय. काका रोज फोन करून सांगतात सलाइन तरी लावा, उपाशी ठेवताय का त्याला. सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये.
— एक मुलगा, पुणे

उत्तर : सुरुवात दुखण्यापासून करा, खाट न् गादी नंतर. दुखणं थांबलं नाही तर घरी ठेवायचा निर्णय दोन रात्रीत मोडतो, मग घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली जाते आणि बाबा परत आयसीयूत. या आजारात पाठीपर्यंत जाणारी कळ असते, तिला साध्या गोळ्या बऱ्याचदा पुरत नाहीत, मॉर्फिन लागतं. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधूनच घ्यावं लागतं. २०१४ला कायदा बदलल्यापासून ही मान्यता मिळवणं हॉस्पिटलांना सोपं झालंय, तरी सगळीकडे अजून नाही. म्हणून आहे ते संपायच्या चार दिवस आधीच पुढचं आणायचं.

मॉर्फिनची सवय लागेल ही भीती काढून टाका. मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार-चार तासांनी घड्याळ बघून द्यायची असते, दुखायची वाट बघत बसायचं नसतं, आणि मधेच कळ आली तर जादा किती द्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, नाहीतर बद्धकोष्ठ होऊन वेगळाच त्रास. सुरुवातीला मळमळ आणि झोप येते, ती बहुतेकांची काही दिवसांत कमी होते.

हे सगळं बघणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तुम्ही पुण्यात आहात तर वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला रिपोर्ट घेऊन जा, १९९७ पासून चालू आहे आणि तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. सातारच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा, कारण २०१२ पासून यासाठी सरकारी कार्यक्रम आहे, पण तो प्रत्येक जिल्ह्यात सारखा चालत नाही, म्हणून फोनवर न विचारता जाऊनच या. आणि वाईतले तुमचे फॅमिली डॉक्टर, जे घरी येऊन बघतील, त्यांना आजच सगळे कागद दाखवा. पुण्यातल्या टीमने ठरवायचं आणि वाईतल्या डॉक्टरांनी घरी येऊन बघायचं, अशी जोडी जमली तर बाबा स्वतःच्या घरात नीट राहू शकतात.

आता काकांचं. बाबा जेवत नाहीत म्हणून शरीर थकत नाहीये, शरीर थकलंय म्हणून भूक गेलीये. हे काकांना तुम्ही सांगून पटणार नाही, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. शेवटच्या दिवसांत सलाइन जास्त झालं तर अंगावर सूज येते, छातीत पाणी साठून धाप वाढू शकते. गिळता येत नसताना भरवलं तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. मागतील तेव्हा दोन चमचे पेज, सरबत, बर्फाचा तुकडा, जे आवडेल ते. तोंड कोरडं पडतं म्हणून ओल्या कापडाने पुसत राहा, ओठांना तूप लावा, काकांना हेच काम द्या. त्यांनाही काहीतरी करायचंय हो, म्हणून सलाइन सलाइन चाललंय.

खाट, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर विकत घेऊ नका, बऱ्याच गावांत एखादं मंडळ किंवा ट्रस्ट रुग्णसाहित्य केंद्र चालवतं, डिपॉझिट भरून मिळतं. हवेची गादी मात्र घ्या, आणि गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. त्यासाठी ब्युरोची मावशी ठेवा, निदान रात्रीची. आईने एकटीने हे ओढायचं नाही, तिचं वय आणि गुडघे बघता ते शक्यच नाही.

शेवटी-शेवटी श्वास अनियमित होतो, घशात घरघर वाजते, हातपाय गार पडतात. ऐकणाऱ्याला ती घरघर सहन होत नाही, पण बाबा तोवर बहुतेक शुद्धीत नसतात, एका कुशीवर वळवलं की आवाज बराच कमी होतो. त्या वेळी फोन वाईतल्या डॉक्टरांना करायचा, १०८ला नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. बाबा घरीच वारले की मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, तो शेवटच्या आजारात बघणारे डॉक्टर देतात. कोणीच बघत नसेल तर ऐन वेळी दाखल्यासाठी वणवण होते, पोलिसांपर्यंतही जाऊ शकतं. नोंद २१ दिवसांत नगरपालिकेत करायची.

प्रश्न : माझ्या ८६ वर्षांच्या सासूबाईंना ‘मला व्हेंटिलेटर लावू नका’ असं लिहून ठेवायचंय. ते चालतं का?
— एक सून, डोंबिवली

उत्तर : चालतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ला परवानगी दिली आणि २०२३ला पद्धत सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. त्यांना स्वतःला बोलता-ठरवता येणार नाही तेव्हा कोण बोलणार, त्यांची नावं आत लिहायची. तरीही हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासतात, त्यामुळे कागद कपाटात ठेवू नका, फॅमिली डॉक्टरांकडे एक प्रत द्या आणि कोणी दीर परदेशात असतील तर त्यांनाही आत्ताच पाठवा, कारण ऐन वेळी विमानाने आलेला मुलगाच सगळ्यात जास्त अडून बसतो.