बॉन्डसाठी ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवलीत, काय करू?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बीएस्सी नर्सिंग झालंय, १२० बेडच्या खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला ८ महिने, पगार १६ हजार, २ वर्षांचा बॉन्ड (त्याआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार), डिग्री आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्यांच्या कपाटात, वर सही केलेला कोरा चेक. आता सरकारी भरतीत नाव लागलंय, १२ दिवसांनी कागदपत्रं तपासणी आहे आणि एचआर म्हणतंय आधी १ लाख भरा.

घाबरून पैसे भरू नका. बॉन्डचं भांडण पैशाचं आहे, सर्टिफिकेट तुमची आहेत, ती गहाण ठेवायची वस्तूच नाही. आजच लेखी मागणी द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर ईमेल आणि स्पीड पोस्ट करा, ३ दिवसांची मुदत द्या. नाही दिली तर वकिलाची नोटीस आणि मग स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ७ आणि ८ खाली (आपली वस्तू परत मिळवायची कलमं) दिवाणी कोर्टात दावा, तपासणीची तारीख दाखवून तातडीचा आदेश मागायचा. भरती ऑफिसलाही आत्ताच अर्ज देऊन मुदत मागा, मागणीपत्राची कॉपी जोडा.

बॉन्ड म्हणजे रद्दी असं कुणी सांगेल तर ऐकू नका. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये ३ वर्षं नोकरी नाहीतर २ लाख ही अट वैध धरली, पण ती सरकारी बँक होती, नव्याने भरती करायचा खर्च आणि त्रास कोर्टाने बघितला. तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम ७४ आहे, बॉन्डमधला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई. म्हणून लेखी विचारा, माझ्या ट्रेनिंगवर किती खर्च केला? पहिल्याच आठवड्यात नाइटला व्हेंटिलेटरचे २ पेशंट एकटीने सांभाळले असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून खरंच राग आला. ट्रेनिंगवर खर्च केल्याचं ते म्हणाले तर उत्तराला उपयोगी पडेल, म्हणून त्या महिन्याचं ड्युटी रोस्टर जपून ठेवा, फक्त पेशंटचं नाव कुठे दिसू देऊ नका.

पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये १०० च्या वर बेड असतील तिथे सरकारी नर्सपेक्षा फार तर १० टक्के कमी पगार असावा असं म्हटलंय. ती शिफारस आहे, तिच्या जोरावर थेट वसुली होत नाही, पण नोटिशीत हे जरूर लिहायचं.

चेकचा नंबर मागणीपत्रात टाका, तो कोरा आणि सिक्युरिटी म्हणून दिला होता, काही देणं नाही असं लिहा. चेक बाउन्सची नोटीस आलीच तर १५ दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे.

आणि शिफ्ट अर्धी टाकून निघू नका. राजीनामा लेखी द्या, नोटीस पीरियड भरा, तेवढा वेळ नसेल तर त्या दिवसांचा पगार कापा म्हणून लिहून द्या, आणि शेवटच्या ड्युटीला हँडओव्हर रजिस्टरवर पुढच्या सिस्टरची सही घ्या. बॉन्डच्या सगळ्या पानांचे फोटो आज पाठवा, मागणीपत्राचा ड्राफ्ट उद्या सकाळपर्यंत देतो.