गुरुत्वमध्य की वस्तुमानकेंद्र?

प्रश्न असा आहे: मोटारींवरच्या लेखांत कधी 'गुरुत्वमध्य' तर कधी 'वस्तुमानकेंद्र' वाचायला मिळते. दोन्ही एकच का?

गाडीपुरता बिंदू एकच, पण संकल्पना दोन. वस्तुमानकेंद्र ठरते ते गाडीत वस्तुमान कुठे किती आहे यावरून. त्याला गुरुत्वाकर्षण लागत नाही. गाडीचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते, तो गुरुत्वमध्य. उंचीनुसार गुरुत्वाकर्षण घटते, म्हणून तो काटेकोरपणे किंचित खाली येतो, पण दीड मीटर उंच गाडीत हा फरक मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही.

तरी शब्द प्रसंग पाहून वापरावा. काट्यावर मोजतो तो गुरुत्वमध्य. समजा गाडी १००० किलोची, पुढच्या चाकांवर ६०० किलो, दोन्ही आसांत अंतर २.५ मीटर, तर गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून १ मीटर मागे. त्याची उंची काढायला मागचा आस ५२ सेंटिमीटर उचलतात. पुढचा भार २१ किलोंनी वाढला, तर गुरुत्वमध्य चाकांच्या मध्यापेक्षा सुमारे २५ सेंटिमीटर वर. त्यात चाकाच्या मध्याची जमिनीपासूनची २९ मिळवली की ५४. इथे १ किलोची चूक उंचीत १२ मिलिमीटर फरक पाडते. म्हणून सस्पेन्शन जखडून ठेवावे, टाकी काठोकाठ भरावी म्हणजे इंधन हिंदकळत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि काट्यावरच्या चाकांचा ब्रेक सोडावा.

ब्रेक मारल्यावरचा हिशेब मात्र वस्तुमानकेंद्राचा. मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, दर सेकंदाला सेकंदामागे ८ मीटर असेल, तर याच गाडीच्या मागच्या चाकांवरचा सुमारे १७३० न्यूटन, म्हणजे काट्यावरच्या सुमारे १७५ किलोंइतका, भार पुढच्या चाकांवर येतो. तो वस्तुमान, मंदन आणि केंद्राची उंची यांचा गुणाकार भागिले आसांतले अंतर असा न्यूटनमध्ये निघतो. त्या सूत्रात गुरुत्वत्वरण कुठेच येत नाही. केंद्र जागचे हलत नाही, हलतो तो चाकांवरचा भार.

'मध्य' या शब्दाने एक घोटाळा होतो: तो गाडीच्या बरोबर मधोमध असेल असे वाटते. पुढे इंजिन असलेल्या गाडीत तो बहुधा पुढे झुकलेला असतो. तरीही रुळलेला 'गुरुत्वमध्य' मोडू नये. 'द्रव्यमान केंद्र' हे हिंदीतून आलेले, मराठीत वस्तुमान. आणि बैलगाडीत मागे जास्त माल पडून जू वर उचलले की गाडी 'उलाळ' झाली म्हणतात: मालासकट गाडीचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेला, एवढाच त्याचा अर्थ.