गच्चीवरनं सॅटेलाइट, आणि 4 सेकंदांचा घोळ

प्रश्न: सर, मी साताऱ्यात राहते. फेब्रुवारीत दिवेलागण उलटून गेल्यावर स्पेस स्टेशन यवतेश्वरच्या डोंगरामागनं वर आलं, भावाचा जुना डीएसएलआर ट्रायपॉडवर लावून 50 एमएमने व्हिडिओ केला. ठिपका छान आलाय, पण स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या ॲपमधल्या वेळेपेक्षा 4 सेकंद उशिरा, आणि कृत्तिकांवरनं रोहिणीपाशी आलं आणि विझलंच! कक्षा बदलली का?

उत्तर: विझलं ते आधी सांगतो, सोपंय. खाली आपल्याकडे अंधार पडला तरी 400 किमी वर अजून ऊन असतं म्हणून तर ते दिसतं, पण सूर्यास्तानंतर सव्वा-दीड तासाने पृथ्वीची सावली तिथवर चढते आणि मग बरोबर डोक्यावर असतानाच ते सावलीत शिरतं. व्हिडिओ हळू करून बघा, विझताना जरा तांबूस झालेलं दिसेल.

आता 4 सेकंद. कक्षेवर संशय घ्यायच्या आधी कॅमेऱ्यातलं घड्याळ बघा, ते कोणीतरी कधीतरी हाताने लावलेलं असतं आणि नंतर त्याच्याकडे कोण बघतंय! स्टेशन सेकंदाला साडेसात किमी जातं, डोक्यावर असताना आकाशात साधारण 1 अंश, म्हणजे दोन चंद्र शेजारी ठेवा तेवढं. तुमचे 4 सेकंद म्हणजे 30 किमी झाले की! पण व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम असतात, एका फ्रेमला 300 मीटर, म्हणजे तुमचा कॅमेरा चांगलाच आहे, वेळ तेवढी खोटी. म्हणून शूटिंग चालू केलं की आधी मोबाइलवरचं जीपीएस टाइम दाखवणारं ॲप लेन्ससमोर धरायचं, स्टेशन गेल्यावर रेकॉर्डिंग बंद न करता परत धरायचं, मग त्या दोन वेळांमधल्या फ्रेम मोजत बसायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण स्पुटनिकच्या काळात नैनितालला बेकर-नन कॅमेरा बसवला होता ना, सॅटेलाइटचे फोटो काढायला, त्यालाही अचूक घड्याळ जोडावं लागायचंच.

ठिपक्याची आकाशातली जागा मोजायला रोहिणी आणि कृत्तिका आयत्या मिळाल्यात, दोघींत जेमतेम 14 अंश. स्टेलेरियममध्ये सॅटेलाइटचा डेटाही अपडेट करा, स्टेशनला अधूनमधून वर ढकलतात, त्यामुळे जुना डेटा चुकतो. एवढं करूनही 4 सेकंद उरले तर मात्र व्हिडिओ पाठवाच.