टस्कीगीला फक्त कार्व्हरसाठी वळावं का?

अटलांटाहून मॉन्टगोमरीला जाताना अलाबामातल्या मेकन काउंटीत, म्हणजे टस्कीगी शहराच्या परिसरात, थांबावं का, आणि कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर सोडून तिथे काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. थांबाच, फक्त अर्धा दिवस हाताशी ठेवा. काउंटी दिसायला साधीच: पाइनची झाडं, शेतं, विरळ वस्ती. क्रीक लोकांच्या जमिनीवर १८३२ साली ती आखली गेली आणि पुढे गुलामांच्या घामावर इथे कापूस पिकला.

आपल्यासारखे मराठी लोक टस्कीगीला जातात ते कार्व्हरच्या ओढीने. १८९६ पासून १९४३ मध्ये जाईपर्यंत ते इथेच राहिले. त्यांचं संग्रहालय टस्कीगी विद्यापीठाच्या जुन्या लाँड्रीच्या इमारतीत आहे, समाधी विद्यापीठाचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी. पण मला विचाराल तर आवारातल्या जुन्या इमारतींच्या विटा निरखून बघा. १८८१ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांसाठी ही संस्था (आजचं विद्यापीठ) निघाली तेव्हा गाठीला पैसा नव्हता, म्हणून विटा विद्यार्थ्यांनीच पाडायच्या ठरल्या. एकामागून एक तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर उभे केले, आणि ती भट्टी साधली! त्यांचं राहतं घर, 'द ओक्स', तेही विद्यार्थ्यांनीच बांधलं.

मुलं बरोबर असतील तर मोटन फील्ड हा जुना विमानतळ चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धातले कृष्णवर्णीय वैमानिक तिथे उडायला शिकले.

इथला एक किस्सा मात्र कुठल्या इमारतीत दिसत नाही. काळे मतदार वाढताहेत म्हटल्यावर १९५७ मध्ये टस्कीगीची चौकोनी हद्द अशी कातरली की २८ बाजूंची आकृती झाली. जवळजवळ सगळे काळे मतदार बाहेर, गोरा एकही नाही. संस्थेतले प्राध्यापक गोमिलियन कोर्टात गेले आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

काउंटीतल्या नोटासल्गा गावाजवळ शायलो चर्च आहे, शेजारी काळ्या मुलांसाठी बांधलेली जुनी शाळा. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने इथल्या सिफिलिस (एक गुप्तरोग) झालेल्या काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं 'निरीक्षणाखाली' ठेवलं. त्यातले काही जण तिथल्या दफनभूमीत आहेत.

टस्कीगी नॅशनल फॉरेस्टही आहे, कस गेलेल्या जमिनी सरकारने विकत घेऊन राखलेलं, सुमारे ११,००० एकरांचं. वेळ कमी पडला तर ते गाळा, शायलो नको.